पूजेतला निळा पंप

दसऱ्याच्या दिवशी हवा केंद्रात ड्यूटीवर बसलेल्या माणसाला लोक फक्त झेंडूबद्दल विचारतात. सकाळपासून तेच चाललं होतं. "मॅडम, दाराला तोरण बांधल्यापासून शिंका येताहेत, काढून टाकू का?" मी प्रत्येकाला एकच सांगत होते की झेंडू बिचारा निर्दोष आहे. त्याचे परागकण जड आणि चिकट असतात. ते किड्यांच्या पायांना चिकटून प्रवास करतात, हवेत उडत नाहीत. ज्या फुलाला रंग आहे, जे मिरवतं, त्याची आपल्याला सहसा भीती नसते. भीती गवताची. गवतालाही फूल येतं हे निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. त्याला किड्यांना बोलवायचं नसतं, त्यामुळे नटायचंही नसतं. ते आपले पराग सरळ वाऱ्यावर सोडून देतं आणि वारा ते आपल्या नाकात आणून घालतो. एवढं सगळं ऐकून पलीकडचा माणूस म्हणायचा, "म्हणजे तोरण काढू ना?"

मी वृषाली गुरव. जिल्ह्याच्या हवा केंद्रात परागांचा अंदाज देते. आई गावी, शिरगुंडीत, सगळ्यांना सांगते, "आमची वृषी हवेच्या हापिसात हाय." ऐकणाऱ्याला वाटतं मी विमानतळावर आहे. आईने ते कधी दुरुस्त केलेलं नाही.

काम तसं समजायला सोपं आहे. ऊन पडलं, हवा कोरडी झाली, की गवताचे परागकोश तडकतात आणि कण मोकळे होतात. वारा असला की ते दूरवर जातात. दमट, ढगाळ दिवशी ओले होऊन खाली बसतात. संथ पाऊस पडला तर हवा धुऊन निघते, म्हणून दम्याच्या माणसाला रिपरिप पाऊस फार आवडतो. ऊन, वारा, दमटपणा आणि गवत कुठे किती फुलोऱ्यावर आलंय, एवढं कळलं की उद्याची हवा कशी असेल ते सांगता येतं. फसवतं फक्त वादळ. त्याच्याकडे येतेच.

आमचे अंदाज आता माणसं वाचत नाहीत. ते ताईत वाचतात. ताईत म्हणजे दंडाला बांधायची काडेपेटीएवढी पट्टी. तिच्यातला इवलासा पंखा हवा आत ओढतो, लेसरच्या किरणासमोरून कण जातात आणि कणाच्या आकारावरून तो गवताचा, गाजरगवताचा की बाभळीचा हे ती ओळखते. त्यात आमचा अंदाज मिसळून पुढच्या दोन-तीन तासांत काय येणार हे ठरवते आणि त्रास व्हायच्या आधीच कातडीखालून औषध सोडते. औषध चालू असलं की पिवळा दिवा. हवा स्वच्छ झाली की हिरवा दिवा आणि औषध बंद. कंपनीने तिला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. लोकांनी ती दंडाला बांधायची म्हटल्यावर पहिल्याच आठवड्यात तिचा ताईत करून टाकला.

ताईत आला आणि धाप लागल्यावर तोंडात मारायचे ते निळे पंप मागे पडले. कुणाला धापच लागेना. औषधाच्या दुकानात पंप मागितला तर आता दुकानदार म्हणतो, मागवून घ्यावा लागेल. हे चांगलंच झालं असं मीही म्हणत आले. माझ्या सख्ख्या भावाचं आयुष्य त्या ताईताने बदललं होतं.

आमच्या घराण्याकडे देवीच्या शिंगाचा मान आहे. दसऱ्याला शिरगुंडीची पालखी वेशीबाहेर, ओढ्यापलीकडच्या माळावर जाते. तिथे आपट्याची पूजा होते, मग सगळं गाव एकमेकांना सोनं देतं आणि पालखी परत फिरते. पूजा सुरू झाल्यापासून पालखी उठेपर्यंत गुरवाने शिंग फुंकत राहायचं. ते पितळी शिंग माणसाच्या उंचीचं, फुंकायला छाती लागते. आमचे वडील गेले तेव्हा आदू, म्हणजे आदिनाथ, कॉलेजात होता आणि त्याला तालमीच्या पायऱ्या चढतानाही धाप लागायची. मान चुलतभावाकडे, नवनाथकडे गेला. गेला असं कुणी म्हणायचं नाही. 'तात्पुरता त्यांच्याकडे आहे' म्हणायचे. ती सगळी वर्षं आई पालखी दारावरून जाताना ओवाळायची आणि शिंग वाजायच्या आत दार लावून घ्यायची. नवनाथशी ती बोलायची, पण त्याला आमच्याकडे चहा मिळाला नाही.

मग ताईत आला. आदूच्या दंडाला मीच बांधला. त्या दसऱ्याला त्याने शिंग तोंडाला लावलं आणि पहिलाच सूर असा निघाला की माळावरची ढोलवाली पोरं थांबून बघायला लागली. आई रडली, मीही रडले. नवनाथने पुढे येऊन आदूला सोनं दिलं आणि तो बाजूला झाला. त्यालाही पुढे दमा निघाला, त्याच्याही दंडाला ताईत आहे. शिरगुंडीत आता घरटी एकाला तरी आहे, कारण त्या माळावर सौर पट्ट्या बसल्या, कुंपण पडलं, चराई बंद झाली आणि पट्ट्यांखाली कंबरेएवढं गवत माजलं. आदू त्याच पट्ट्यांच्या देखभालीवर नोकरीला आहे. गवत कापायचं काम कुणाचं, यावर तिथे अजून बैठका चालू आहेत.

यंदा मला सुट्टी मिळाली नाही. सकाळी घरी व्हिडिओ कॉल केला, तेव्हा आईने आदल्या दिवशीची खंडेनवमीची पूजा दाखवली. पाटावर लाल कापड, त्यावर तिची विळी, कोयता, शिलाईची कात्री, आदूची पक्कड, टेस्टर आणि रांगेत शेवटी त्याचा जुना निळा पंप. पंपाला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल.

"आई, हे काय?"

"त्येचं हत्यारच की गं ते. लहानपणापास्नं त्येच्यावर तर जगलाय."

मला हसू आलं. पण मी म्हटलं, "बरं, आज तो आदूच्या खिशात दे. माळावर जातोय तो."

"आज? सोनं वाटून माणसं घरला आल्याबिगर पूजेतलं काय हलवायचं न्हाई. तुला ठावं न्हाई व्हय?"

ठाऊक होतं. आमच्याकडे त्या दिवशी विळीसुद्धा पाटावरून उचलत नाहीत. भाजी आदल्या दिवशी चिरून ठेवतात. शिंग तेवढं देवीचं, ते देवळात असतं, त्याला घरचा नेम लागू नाही. मागून आदू नवा फेटा सावरत डोकावला आणि दंड पुढे करून म्हणाला, "ताई, ताईत हाय की. पंप म्यूझियमात ठेवायचा आता." त्याचा ताईत पिवळा होता, म्हणजे औषध बरोबर चालू होतं. दिवस उन्हाचा, कोरडा. पराग भरपूर असणार आणि ताईत त्याला पुरून उरणार, हा माझाच अंदाज होता. मी पुढे वाद घातला नाही.

दुपार कलली तशी पूर्वेकडे रडारवर एक ढग उभा राहिला. ऑक्टोबरच्या उकाड्यात असे ढग तासाभरात उभे राहतात आणि बरेचसे तसेच विरून जातात. हा विरला नाही. त्याची उंची वाढत गेली, आत विजा सुरू झाल्या आणि तो शिरगुंडीच्या रोखाने सरकायला लागला.

आता वादळाचं सांगते. उभा राहणारा ढग खालची हवा वर ओढून घेतो आणि तिच्याबरोबर मैलोगणती माळांवरचे परागही. ढगातल्या ओलाव्यात ते कण पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात. गवताच्या एका कणातून शेकडो बारीक कण बाहेर पडतात. अख्खा कण मोठा असतो, तो नाकात, घशात अडकतो, फार तर शिंका येतात. हे फुटलेले कण इतके बारीक की सरळ फुफ्फुसाच्या तळाशी जातात. आणि मग ढगातली थंड हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि पावसाच्या पुढे पुढे धावत सुटते. पाऊस यायच्या आधी जो गार वारा येतो, ज्याने आपल्याला बरं वाटतं, तोच वारा हे सगळं घेऊन येतो.

ताईताला हे दिसत नाही. तो ठरावीक आकाराच्या वरचेच कण मोजतो. त्याहून बारीक ते सगळं धूर आणि धूळ म्हणून सोडून देतो, नाहीतर प्रत्येक चुलीपाशी तो बोंबलत बसेल. वादळात अख्खे कण फुटून गेलेले असतात. ताईताच्या दृष्टीने हवा एकाएकी स्वच्छ होते. तो हिरवा होतो आणि औषध बंद करतो, नेमकं तेव्हाच. आधी दिलेलं औषध साध्या परागांच्या बेताचं असतं, ते या माऱ्याला पुरत नाही. गेल्या वर्षीच्या दोन वादळांत मी हे आकड्यांत पाहिलं होतं, वर कळवलंही होतं. दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत येणार होती.

मी इनामदार सरांना फोन लावला. ते आमचे संचालक, पुण्यात असतात. मागे हॉर्न वाजत होता, नव्या गाडीची पूजा चालली होती.

"सर, शिरगुंडीवर वादळ येतंय. सगळा गाव माळावर आहे. इशारा सोडायला हवा."

"परागांची संख्या किती दाखवतेय?"

"आत्ता भरपूर आहे, पण ताईत पिवळे आहेत, म्हणून यंत्रणा म्हणते धोका नाही. आणि वारा पोचला की संख्या पडणार. सर, तोच तर धोका आहे."

ते हळू आवाजात म्हणाले, "गुरव, माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण गेल्या वर्षी आपण तुमच्या शब्दावर एक जत्रा उठवली आणि तिथे थेंबही पडला नाही. तेव्हापासून इशाऱ्याचं बटण आपल्या हातात राहिलेलं नाही. यंत्रणेने धोका दाखवल्याशिवाय ते उघडतच नाही. मी वर बोलतो, पण आज सुट्टी आहे. कुणी उचलेल की नाही..."

"सर, माझा भाऊ आहे तिथे."

"बोलतो," ते म्हणाले. "लगेच बोलतो." बोललेही असतील. मला त्यांचा राग आला नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. कुणावर तरी ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं.

शिरगुंडीच्या पोलीस ठाण्यात फोन वाजत राहिला. सगळे बंदोबस्ताला माळावर. रुग्णवाहिकेवाल्यांनी ऐकून घेतलं. तालुक्याच्या दोनपैकी एक गाडी बाळंतिणीला घेऊन गेली होती, दुसरी पाठवतो म्हणाले. आदूला मी पुन्हा पुन्हा फोन लावत होते. शेवटी त्याने उचलला. ढोल, हलगी, माणसांचा गलका.

"आदू, तिथून नीघ! वादळ येतंय, घरात जाऊन दारं लावून घे!"

"ताई, काय ऐकू येईना!"

"घरी जा! औषध बंद होणार आहे तुझं!"

"हवा मस्त हाय गं इथली! पूजा लागली बघ, ठेवतो!"

पुढच्याच क्षणी, फोन बंद व्हायच्या आधी, त्याने शिंगात फुंकलेला पहिला सूर मला ऐकू आला. लांबलचक, स्वच्छ. काय छाती आहे, असं आधी माझ्या मनात आलं. शिंग फुंकणारा माणूस इतरांच्या कितीतरी पट हवा आत घेतो. आणि पालखी उठेपर्यंत तो शिंग खाली ठेवणार नव्हता, कारण खाली ठेवलं की मान पुन्हा तात्पुरता नवनाथकडे.

मग मी आईला फोन केला. तिचे गुडघे गेलेत, ती माळावर जात नाही. ओवाळणीची तयारी करून उंबऱ्यात बसली होती.

"आई, पूजेतला पंप उचल."

"का गं?"

"आदूला लागणार आहे. वारा येतोय, त्या वाऱ्यात ताईत चालणार नाही. कुणाच्या तरी हाती पाठव माळावर."

मला वाटलं होतं, समजवावं लागेल. नेमाचं काय, देवीचं काय, म्हणेल. पण लगेच पाट सरकल्याचा आवाज आला, विळी फरशीवर पडल्याचा आवाज आला.

"घेतला. पर कुनाला देऊ? गल्लीत चिटपाखरू न्हाई. समदी माळाला गेल्यात."

"रिक्षा?"

"दसऱ्याला कुठली रिक्षा?" ती म्हणाली. "मीच जातो."

"आई, तुझे गुडघे..."

"तू फोन नको ठेवू."

आईचा फोन माझ्या फोनशी जोडलेला आहे, ती कुठे आहे ते मला नकाशावर दिसतं. मी तो नकाशा मोठ्या पडद्यावर रडारच्या शेजारी घेतला. गल्लीतून एक निळा ठिपका निघाला. पूर्वेकडून वाऱ्याची रेघ सरकत होती, रडारवर ती बारीक कमानीसारखी दिसते. मध्ये माळ, आणि माळावर गावच्या सगळ्या ताईतांचे पिवळे ठिपके, दाटीवाटीने. या तिन्ही गोष्टी मला एकाच वेळी दिसत होत्या. मी त्यांतली एकही हलवू शकत नव्हते. आयुष्यभर मी हवा कुठे जाणार हे सांगत आले. त्या दिवशी कळलं की सांगणं म्हणजे काहीच करणं नव्हे.

"कुठं आलीस?"

"वेशीपाशी." तिला धाप लागली होती, साधी, म्हातारपणाची. "शिंग ऐकू यायलंय बघ. वाजवतोय. बरा हाय त्यो."

"बोलू नकोस, चाल."

"वारं सुटलं गं. गार वारं. बरं वाटलं जिवाला."

मी रडारकडे पाहिलं. पडद्यावर ती कमान माळाच्या पूर्वेच्या कडेला टेकली होती. तिथले पिवळे ठिपके हिरवे व्हायला लागले. आधी कडेचे, मग मधले. पिकावरून वारा जावा तसा तो हिरवा रंग माळभर पसरत गेला. माझ्या टेबलावरच्या यंत्राने टुण्णकन आवाज केला आणि रोजचा संदेश दाखवला, जो त्या क्षणी माळावरच्या प्रत्येक माणसाच्या फोनवरही गेला असणार. शिरगुंडी परिसर. हवा स्वच्छ आहे. औषध थांबवले आहे.

आई ओढ्यावर पोचली तेव्हा तिच्या फोनमधून मला शिंग ऐकू येत होतं. सूर आता तुटक येत होता. एक लांब, मग एक अर्धा. मग नुसती हवा गेल्यासारखा एक आवाज, आणि पुढे नाही.

"थांबलं," आई म्हणाली.

त्यानंतर तिच्या पावलांचा आवाज बदलला. माझी गुडघे गेलेली आई पळत होती. फोनमध्ये वारा घोंघावत होता, मग माणसांचे आवाज आले, पण सोनं देतानाचे नव्हेत. खोकला, हाका, कुणाचं तरी मोठ्याने रडणं. मग आई ओरडली, "सरका! सरका रं! आदू! तोंड उघड!"

पंपाचा फस्स असा आवाज मला ओळखता येतो. लहानपणी रात्री-अपरात्री मीच तो आदूच्या तोंडात धरलाय. एकदा झाला. मी मोठ्याने म्हटलं, "श्वास आत धरायला सांग!" दुसऱ्यांदा झाला. तिसऱ्यांदा. मी टेबलाची कड धरून उभी होते. शेवटी खोल, घरघरता एक श्वास ऐकू आला, आणि त्यामागून दुसरा.

"घेतोय," आई म्हणाली. "घेतोय गं श्वास. माझ्याकडं बघतोय."

मी खुर्चीत बसले. "आई, ऐक. पंपाच्या पाठीवर आकडा आहे, वाच."

"आठ."

आठ फवारे उरले होते. आदूला थोड्या वेळाने पुन्हा लागणार होते, आणि त्यानंतर पुन्हा. गाडी अजून पलीकडच्या घाटात होती. "तो पंप हातातून सोडू नकोस," मी म्हटलं. "पुन्हा धाप लागली की परत द्यायचाय त्याला. तोवर जपून ठेव. कळलं?"

"कळलं."

मग फोन तिने बहुतेक खाली धरला होता, कारण आजूबाजूचं सगळं आता नीट ऐकू येत होतं. किती तरी माणसं एकाच वेळी शिट्टी वाजल्यासारखा श्वास ओढत होती. जवळच कुणीतरी तुटक आवाजात म्हणत होतं, "काकू... काकू..." तो आवाज नवनाथचा होता.

"वृषे," आई म्हणाली. "आपला नवनाथ हाय गं हितं. ओठ निळं पडल्यात त्येचं. पलीकडं ढोलवाली पोरं बसल्यात. समदी माझ्या हाताकडंच बघायल्यात."

समोरचा नकाशा हिरवागार होता. त्यावर एकच निळा ठिपका, माळाच्या मधोमध, थांबलेला.

"सांग की," आई म्हणाली. "तू शिकल्यालीस. आता कुनाला देऊ?"